दुपारी बारालाच बॅटरी संपत आली, आता नवा फोन घेऊ का?

वाचक भगिनीचं पत्र:

मी ५९ वर्षांची आहे. नोकरीतून मोकळी झाल्यापासून चार मैत्रिणींबरोबर डोंगरात, जंगलात चालायला जाते. आमची चाल कधी अर्ध्या दिवसाची असते, कधी पूर्ण दिवसाची. मागच्या वेळी सकाळी शंभर टक्के चार्ज केलेला फोन दुपारी बाराला १४ टक्क्यांवर आला. त्याआधीच रेंज गेली होती आणि मॅप कोरा झाला होता. आपण कुठे आहोत तो निळा ठिपका दिसत होता, पण खाली वाटच नव्हती. आम्ही वाट चुकलो आणि तासाभराने सापडलो. मुलगा म्हणतो, “आई, तुला लष्करी दर्जाचा दणकट फोन घेऊन देतो.” मैत्रीण म्हणते, बटणांचा साधा फोन पुरे, बॅटरी आठवडाभर टिकते. माझा फोन तीन वर्षांचा आहे. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि पावसात बोट चालत नाही. नेमकं काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातलं निळ्या ठिपक्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. ठिपका दिसत होता म्हणजे तुम्ही कुठे उभ्या आहात हे फोनला ठाऊक होतं. त्याच्याकडे नकाशा नव्हता, एवढंच. मुलाने हौसेने आणलेला महागडा फोनसुद्धा त्या वळणावर असाच कोरा पडला असता. म्हणून माझं मत आधीच सांगते: नवा फोन आत्ता घेऊ नका. आहे त्याच फोनवर पुढच्या दोन-तीन चाली नीट तयारीने करून बघा. तरीही अडलं तर कोणता घ्यायचा ते पुढे लिहिलंच आहे.

जागा शोधायला फोनला रेंज लागत नाही, ही गोष्ट अजून कितीतरी जणांना माहीत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड संकेत पाठवत असतात. रेडिओ ऐकावा तसा फोन ते नुसता ऐकतो, उलट काही पाठवत नाही. निदान चार उपग्रह ऐकू आले की संकेत पोचायला लागलेल्या वेळेवरून तो आपली जागा काढतो. हल्लीचे बहुतेक फोन अमेरिकेच्या जीपीएसबरोबरच रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू हे उपग्रहही ऐकतात. उघड्या आकाशाखाली साधा फोनसुद्धा ठिपका साधारण ५ मीटरच्या आत बरोबर दाखवतो. रेंज लागते ती नकाशाचं चित्र उतरवून घ्यायला. ते आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवलं, तर दिवसभर रेंज नसली तरी बिघडत नाही.

फक्त सुरुवातीला रेंजचा थोडा उपयोग होतो. कोणता उपग्रह कुठे आहे हे वेळापत्रक फोन नेटवर्कवरून चटकन मिळवतो. नेटवर्क नसेल तर ते उपग्रहाकडूनच घ्यावं लागतं आणि जीपीएसचा हा मजकूर सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने येतो. एका उपग्रहाची स्वतःची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते, पण सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. त्यामुळे दूरच्या गावी उतरून, थेट दाट झाडीत शिरून फोन उघडला, तर ठिपका लवकर स्थिरावत नाही आणि आपल्याला वाटतं फोन बिघडला. चाल सुरू करायच्या जागी, आकाश मोकळं आणि रेंज चालू असताना, मॅप उघडून मिनिटभर थांबा. ठिपका जागेवर बसला की मगच फोन आत ठेवा.

आता नकाशा कुठला? शहरात वापरता ती सवय इथे उपयोगी पडत नाही. गूगल मॅप्समध्ये भाग डाउनलोड करता येतो, पण ऑफलाइन असताना ते गाडीचा रस्ता सांगतं, पायी चालण्याचा रस्ता सांगत नाही. डोंगरातल्या पायवाटा तर त्यात बहुधा नसतातच. २००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी काढलेला नकाशा पायवाटांच्या बाबतीत खूप भरलेला आहे. त्यावर चालणारी ऑसमअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही दोन ॲप मी नवख्या माणसाला सांगते. दोन्हींत पूर्ण प्रदेश एकदाच उतरवून ठेवता येतो. शिवाय समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवता येतात. त्या जरूर चालू करा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे चढ उभा आहे आणि लांब लांब असतील तिथे पसरट, एवढं वाचता आलं तरी पुढे काय येणार याचा अंदाज बसतो. दुसऱ्या कुणी चाललेली वाट जीपीएक्स फाइल म्हणून मिळाली तर तीही याच ॲपमध्ये उघडते. पण ही माणसांनी काढलेली रेघ आहे, हे मनात असू द्या. एखादी वाट मागच्या पावसात खचलेली असेल, एखादी गवतात बुजलेली असेल. नकाशावर वाट आहे आणि समोर कडा आहे, तर कड्यावर विश्वास ठेवायचा.

उतरवलेला नकाशा खरंच उतरला का, हे घरीच तपासा. फ्लाइट मोड चालू करा, वायफाय बंद आहे ना ते बघा, मॅप उघडा आणि जिथे चालणार आहात तिथली वाट बोटांनी जवळ आणत आणत अगदी ओढ्याकाठपर्यंत न्या. चित्र धूसर झालं किंवा राखाडी चौकोन आले तर काहीतरी राहिलंय. ही तपासणी पाच मिनिटांत होते आणि माझ्या मते महागड्या फोनपेक्षा जास्त उपयोगाची आहे. बरोबरीने सुरुवातीच्या जागी वाटेचा फलक असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. ॲप नाही चाललं तरी फोटो उघडतोच.

बॅटरी का उतरली? रेंज क्षीण असली की टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोन प्रक्षेपणाचा जोर वाढवतो आणि रेंज गेली की ती पुन्हा पुन्हा शोधत राहतो. खिशात नुसता पडून असलेला फोन डोंगरात तासातासाला खाली येतो तो यामुळेच. त्यात डेटा चालू असतो, काढलेले फोटो ग्रुपवर जायची धडपड करत असतात, कोरा मॅप पुन्हा पुन्हा चित्र मागत असतो आणि उन्हात दिसावं म्हणून आपण ब्राइटनेस पूर्ण वर नेलेला असतो. अर्ध्या दिवसात १४ टक्के उरले याचं मला नवल वाटत नाही.

यावर उपाय फ्लाइट मोड. तो लावला तरी जीपीएस चालूच राहतं. अँड्रॉइडवरही राहतं आणि आयफोनवरही. घरून कुणाचा फोन आला तर, ही काळजी तुम्हाला वाटेल. म्हणून घरच्यांशी वेळा ठरवून घ्या: वर पोचल्यावर पाच मिनिटं आणि खाली उतरल्यावर पाच मिनिटं फोन लागेल, मधे लागणार नाही. तुम्ही चौघी-पाचजणी असता, याचाही फायदा घ्या. एकीने वाट बघायची, एकीचा फोन रेंजसाठी चालू ठेवायचा, बाकीच्यांचे फ्लाइट मोडवर. सगळ्यांनीच सकाळपासून मॅप उघडे ठेवले तर दुपारी सगळ्यांचेच फोन एकदम संपतात आणि तीच वेळ नेमकी अडचणीची असते.

चाललेल्या वाटेची नोंद फोनने करत राहणं मला आवडतं, कारण चुकलं तर आल्या वाटेने मागे फिरता येतं. स्क्रीन बंद ठेवून नुसती नोंद चालू असेल तर बॅटरी फार खात नाही. यात एक खोच आहे. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारी ॲप बंद करतो. काही फोनवर बॅटरी सेव्हर लावला की स्क्रीन बंद होताच लोकेशनही थांबतं. मग परत फिरताना बघावं तर नोंदीत सरळ रेघ, मधला सगळा भाग गायब. त्या एका ॲपसाठी बॅटरीचं बंधन सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका आणि घराजवळ अर्धा तास चालून नोंद नीट होते का ते बघा.

किती बॅटरी लागेल याचा हिशेब आधी वेळेवरून करावा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे तीन तास, तेही न थांबता, दमदार पावलांनी. आपल्या वयाच्या गटाने त्यात निम्म्याहून जास्त भर घालावी असं मला वाटतं. मग विश्रांती, फोटो, गप्पा. तीन तासांची वाट सहज सहा तासांची होते आणि बॅटरी त्या सहा तासांना पुरून उरायला हवी. अर्धी वाट झाली तेव्हा निम्म्याहून बरीच जास्त बॅटरी हातात असावी. ३० टक्क्यांच्या खाली गेली की फोटो बंद, नोंद बंद. उरलेली बॅटरी फक्त वाट विचारायला आणि फोन लावायला.

पॉवर बँक घ्या, पण तिच्यावरच्या आकड्याला भुलू नका. १०,००० एमएएचचा आकडा आतल्या सेलच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो. ५ व्होल्टवर आणून फोनमध्ये भरेपर्यंत सहा-साडेसहा हजारच पदरात पडतात. म्हणजे ५,००० एमएएचचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. एका दिवसाला तेवढं भरपूर झालं. केबल आखूड घ्या आणि निघण्यापूर्वी त्याच केबलने फोन चार्ज होतोय ना ते बघा. पॉवर बँक आहे आणि केबल घरी, हे फार वेळा घडतं.

थंडीत चालणार असाल तर फोन अंगालगतच्या खिशात ठेवा. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो, व्होल्टेज एकदम खाली येतं आणि ३० टक्के दाखवणारा फोन अचानक बंद पडतो. अंगाची ऊब मिळाली की बऱ्याचदा पुन्हा चालू होतो. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्येच वापरायला सांगते. शून्याखाली गार पडलेला फोन चार्जिंगला लावू नका, त्याने बॅटरीची कायमची हानी होते. उन्हात तापलेला फोन उलट स्क्रीन आपोआप मंद करतो आणि चार्जिंग थांबवतो. तेव्हा तो सावलीत, कापडात ठेवायचा. गार पाण्यात बुडवायचा नाही.

तुमचा फोन तीन वर्षांचा आहे, हे मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर बऱ्याच फोनच्या बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज करणाऱ्या माणसाला तीन वर्षं म्हणजे त्याच्या पलीकडचा टप्पा. सेटिंगमध्ये बॅटरीची स्थिती दिसत असेल तर बघा. ८० च्या खाली असेल तर नवा फोन घेण्याआधी अधिकृत केंद्रात बॅटरी बदलून घ्या. मुलाला ही गोष्ट नक्की सांगा. त्याची माया खरी आहे, ती योग्य जागी खर्च होऊ द्या.

आता त्याच्या लष्करी दर्जाच्या फोनबद्दल. जाहिरातीत एमआयएल-एसटीडी-८१० असं लिहिलेलं असतं. ही अमेरिकी लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे. आपटणं, धूळ, ऊन, थंडी अशा पुष्कळ चाचण्या त्यात आहेत, पण त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनी स्वतः निवडते आणि शिक्का देणारी वेगळी संस्था नसते. त्यामुळे त्या ओळीवरून फोनची मजबुती ठरत नाही. शिवाय असे जाडजूड फोन बरेचदा ३०० ग्रॅमच्या पुढे जातात, साधा फोन २०० च्या आसपास असतो. जड फोन खिशात टोचतो, मग पाठपिशवीच्या तळाशी जातो आणि तिथून तो काढायचा कंटाळा केला की वाट चुकते. मी साधा फोन, कडा उंच असलेलं चांगलं कव्हर आणि चेन असलेला खिसा यांच्या बाजूने आहे.

तरी घ्यायचाच झाला तर दुकानात काय बघायचं? पहिली बॅटरी, ५,००० एमएएच किंवा त्याहून जास्त. दुसरी स्क्रीन, आणि ती दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघायची. आकडा सांगायचा तर १,००० निट्सच्या पुढची प्रखरता उन्हात वाचता येते, पण डोळ्यांनी बघितलेलं खरं. मॅप उघडा, तुमचा रोजचा चष्मा लावा आणि अक्षरं वाचता येतात का ते बघा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोही लावून बघा. त्यातून काही स्क्रीन एका कोनात चक्क काळ्या दिसतात. फोन आडवा केला की पुन्हा दिसतात. कदाचित तुम्हाला उन्हात न दिसण्याचं कारण एवढंच असेल.

तिसरी गोष्ट, आकाश अर्धं झाकलेल्या जागी उपयोगी पडणारी. कड्याखाली किंवा अरुंद दरीत संकेत खडकावर आपटून उशिराने पोचतो, फोनला ते अंतर जास्त वाटतं आणि ठिपका उडी मारतो. तुम्ही ओढ्याच्या या काठाला उभ्या असता, तो पलीकडच्या काठावर दिसतो, दोन पावलं टाकलीत की परत अलीकडे येतो. २०१८ पासून दोन कंपनसंख्यांवर, एल१ आणि एल५, ऐकणारे फोन मिळू लागले. त्यांना खरा संकेत आणि आपटून आलेला संकेत जास्त चांगला वेगळा करता येतो. फोनच्या माहितीत एल५ किंवा ड्युअल फ्रिक्वेन्सी लिहिलंय का बघा. दाट झाडीत, दरीत नेहमी चालणाऱ्या माणसाने एवढी मागणी करावी. मोकळ्या माळावर चालणाऱ्याला त्याची गरज नाही.

हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर काही फोनमध्ये असतो. उंचीच्या बाबतीत जीपीएस जागेपेक्षा जास्त चुकतं, दाबावरून चढ-उतार नीट कळतो. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. एका जागी बसलेल्या असताना दाब झपाट्याने उतरत असेल तर हवा बिघडते आहे, हेही त्यावरून कळतं. असला तर उत्तम, नसला म्हणून फोन नाकारू नका. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे तर चालण्यापुरतं बघूच नका.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगते. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं, आयपी६८ म्हणजे त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते. पण ही चाचणी नव्या फोनवर, स्वच्छ, स्थिर, गोड्या पाण्यात होते. आतले रबरी पट्टे वर्षागणिक सैल होतात आणि एकदा जोरात आपटलेल्या फोनची हमी कुणीच देत नाही. तेव्हा आयपी६८ हा पावसापासूनचा दिलासा समजा, ओढ्यात फोन धुवायचा परवाना समजू नका. पावसात बोट न चालणं हा तुमच्या फोनचा दोष नाही. स्क्रीन बोटाच्या विद्युतभारावर चालते आणि पाण्याच्या थेंबालाही ती बोटच समजते. थेंब ओघळला की मॅप आपोआप सरकतो, मधेच कुणाला तरी फोन लागतो. पातळ पारदर्शक, चेनच्या प्लॅस्टिक पिशवीत फोन ठेवला तर बोट तिच्यावरून बऱ्यापैकी चालतं आणि थेंब बाहेर राहतात. फोटो आवाजाच्या बटणाने काढा. फोन आत भिजलाच तर बंद करा, चार्जिंगचं भोक पूर्ण वाळेपर्यंत केबल लावू नका. तांदळात खुपसू नका, त्याने वाळत नाही, उलट पीठ आत जातं.

पाकिटासारखं झाकणाचं, चुंबकाने बंद होणारं कव्हर असेल तर ते चालायला जाताना घरी ठेवा. त्या चुंबकाने फोनचं होकायंत्र भरकटतं आणि तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभ्या असताना बाण पूर्वेकडे दाखवतो. कव्हर काढून फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात चार-पाच वेळा फिरवला की बाण बहुधा ताळ्यावर येतो.

आणि ताई, चालताना फोन बघू नका. हे मी कळकळीने सांगते आहे. सुट्या दगडांच्या उतारावर डोळे स्क्रीनवर आणि पाय अंदाजाने, यात घोटा मुरगळायला एक क्षण पुरतो. थांबायचं, दोन्ही पाय टेकवायचे, मग फोन काढायचा. दर फाट्याला बघा, मधे नको. बघताना ठिपक्याबरोबर आजूबाजूही बघा: ओढा डाव्या हाताला आहे का, चढ सुरू व्हायला हवा होता तो झाला का. नकाशा आणि जमीन जुळली की पुढे. फाटा ओलांडल्यावर शंभर पावलांनी पुन्हा एकदा बघितलं की चूक शंभर पावलांतच सापडते. त्या दिवशी तुमचा गेलेला तास इथेच वाचला असता.

अडचणीच्या वेळेची तयारी मात्र घरी बसूनच करा. ११२ हा क्रमांक पुष्कळ देशांत मदतीचा आहे आणि मोबाइलमध्ये तो मुळातच आणीबाणीचा म्हणून ओळखला जातो. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोचत असेल तर फोन त्यावरून हा कॉल लावतो. म्हणून रेंज नाही असं दिसलं तरी प्रयत्न करायचा. फ्लाइट मोड तेवढा आधी काढा. कुठलाच टॉवर नसेल तर मात्र कॉल लागणार नाही. मग माथ्याकडे, मोकळ्या बाजूला सुरक्षित सरकता येत असेल तर सरकून बघा. बोलण्याइतकी रेंज नसते तिथेही साधा एसएमएस बरेचदा निघून जातो, व्हॉट्सॲपचा निरोप अडकतो. काही नव्या फोनवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते. आयफोन १४ वर ती सोय २०२२ मध्ये आली, नंतर काही अँड्रॉइड फोनवरही आली. पण ती ठरावीक देशांतच चालते आणि काही देशांत उपग्रह संपर्काची उपकरणं परवानगीशिवाय बाळगताही येत नाहीत. तिच्यासाठी म्हणून फोन घ्यायच्या आधी तुम्ही चालता तिथे ती चालते का ते विचारा.

कॉल लागला की पहिल्या दोन वाक्यांत जागा सांगायची, कारण कॉल कधीही तुटेल. मॅपवर ठिपका दाबून धरला की अक्षांश-रेखांश दिसतात. दशांशात दिसत असतील तर चौथ्या आकड्यापर्यंत वाचा, तेवढ्याने जागा साधारण ११ मीटरपर्यंत कळते. अंश आणि मिनिटांत दिसत असतील तर “अंश”, “मिनिटं” हे शब्द उच्चारून सांगा. ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, दशांशात ०.५. समोरच्याने ते ०.३० असं लिहून घेतलं तर अक्षांशात तुम्ही २२ किलोमीटर लांब दिसाल. घरी मैत्रिणींनी एकमेकींना जागा वाचून दाखवायचा सराव करा, पहिल्यांदा सगळ्याच अडखळतात. कॉल झाला की तिथेच थांबा आणि फोन मोकळा ठेवा, ते परत फोन करतात. शिट्टी किंवा टॉर्चची खूण मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. समोरून मिनिटाला तीन आल्या तर तुम्ही दिसलात. टॉर्च मात्र वेगळी न्या, फोनच्या दिव्यावर उतार उतरायची वेळ येऊ देऊ नका.

लॉक स्क्रीनवर रक्तगट, औषधं आणि घरच्या माणसाचा क्रमांक दिसेल अशी सोय फोनमध्ये असते, ती भरा. घरी एका माणसाला वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. अमुक वाजेपर्यंत कळलं नाही तर कुणाला फोन करायचा, तेही लिहा. लाइव्ह लोकेशनवर घरच्यांना विसंबू देऊ नका. रेंज गेली की ते जिथल्या तिथे थांबतं आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागतो.

राहिला मैत्रिणीचा बटणांचा फोन. एकटा तो पुरणार नाही, कारण नकाशा नाही आणि जागा सांगता येत नाही. पण दुसरा फोन म्हणून तो उत्तम आहे. तिला एवढं बघायला सांगा की तो ४जीवर चालतो का. अनेक देशांत २जी, ३जीची नेटवर्क बंद झाली आहेत, होत आहेत, आणि जुना फोन तिथे कितीही चार्ज असला तरी मुका राहतो. त्यात सिम तुमच्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं घाला, म्हणजे एकीला रेंज नसेल तिथे दुसरीला मिळायची शक्यता राहते. आणि तो तुमच्या पिशवीत नको, मैत्रिणीच्याच पिशवीत असू द्या. ओढा ओलांडताना एक पिशवी भिजली तरी एक फोन कोरडा राहील.